एका रात्रीत एक सीडी

आधी हे गणित करून बघा. इंटरनेटचा स्पीड २५६ केबीपीएस. म्हणजे सेकंदाला ३२ केबी, तेही सगळं सुरळीत असेल तर. फुकट डाउनलोडची वेळ रात्री दोन ते सकाळी आठ, म्हणजे सहा तास. गुणाकार केला की येतात साधारण ६७५ एमबी. आणि एका कोऱ्या सीडीत मावतात ७०० एमबी!

माझ्या दादाला हा योगायोग कधी वाटलाच नाही. त्याच्या मते ही साक्षात देवाची योजना होती. एका रात्रीत एक सीडी.

साल २००६, मुक्काम नंदुरबार. धुळ्यापासून वेगळं होऊन जिल्ह्याला आठ वर्षं झाली होती आणि आमच्या घरात ब्रॉडबँड येऊन आठ दिवस. दादा शहाद्याला इंजिनीअरिंगला होता. रोज एसटीने अप-डाऊन, वाटेत प्रकाशाचा तापीवरचा पूल. त्याचं खरं आयुष्य मात्र रात्री दोनला सुरू व्हायचं. एक पंचावन्नचा अलार्म, तो उशीखाली दाबायचा, मॉडेम ऑन, मॉनिटर ऑफ (पप्पांना उजेड दिसू नये म्हणून), आणि परत झोप. मी तेव्हा नऊ वर्षांची. त्याच खोलीत झोपायचे, त्यामुळे मॉडेमचे मिणमिणते हिरवे दिवे हा माझ्या लहानपणीचा नाइटलॅम्प. सकाळी आठच्या ठोक्याला मॉडेम बंद. नाही केला तर बिल, आणि बिल आलं की पप्पा.

आता तुम्ही म्हणाल, डाउनलोड केलं ना, मग सीडीवर कशाला टाकायचं? अहो, हार्ड डिस्क ४० जीबीची! त्यात पप्पांच्या एक्सेल शीट्स, ताईच्या लग्नाचे फोटो, आईची भजनं आणि उरलेल्या जागेत दादा. नवीन गेम यायचा तर जुन्याला घर सोडावं लागायचं. आणि सहा रात्री जागून आणलेली गोष्ट अशी सहज डिलीट थोडीच करतात? बॅकअप वगैरे भारी शब्द आम्हाला नंतर कळले. तेव्हा तो नुसता जागेचा प्रश्न होता.

सीडी ‘राइट’ करणं म्हणजे घरातलं छोटं धार्मिक कार्यच. निरो उघडायचं, माऊसला कोणी हात लावायचा नाही, टेबलाजवळ उड्या मारायच्या नाहीत (हा नियम फक्त माझ्यासाठी). सीडीवर ५२एक्स छापलेलं असायचं, पण दादा ८एक्सच्या वर कधी गेला नाही. त्याचंही गणित होतं. भरलेली सीडी ८एक्सला दहा मिनिटांत होते, आणि आमचा यूपीएस चांगल्या मूडमध्ये असला तर दहा मिनिटं टिकतो. मध्येच लोडशेडिंग झालं तरी काम पार. नाही झालं तर सीडी वाया. वाया गेलेल्या सीड्या मामांच्या शेतावर जायच्या. पपईच्या बागेत दोऱ्याला बांधून लटकवल्या की उन्हात चमकतात, पाखरं बिचकतात. मामांना निरोचं हे फीचर फार आवडायचं.

आणि गेम कुठले? सगळं सोवळं होतं असं काही मी म्हणणार नाही. बाजारात पन्नास रुपयांत काय मिळायचं ते तुम्हालाही माहीत आहे. पण रात्रीच्या कोट्यात दादा आणायचा ते बहुतेक अधिकृतरीत्या फुकट असलेलं. डेमो, शेअरवेअर आणि कंपन्यांनीच मोकळे सोडलेले जुने गेम. रॉकस्टारने तेव्हा पहिला ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’ आणि ‘जीटीए २’ स्वतःच्या साइटवर मोफत ठेवले होते. वरून दिसणारं शहर, मुंगीएवढी माणसं... मला त्यातलं फक्त रस्ता चुकवून नदीत गाडी घालणं जमायचं. पुढे कंपनीने ते डाउनलोड काढून टाकले. दिलं होतं त्यांनीच, काढलंही त्यांनीच. पण दादाच्या सीडीवर मार्करने लिहिलेलं ‘जीटीए १+२ ओरिजिनल फ्री’ तसंच राहिलं.

हे सगळं आत्ता उकरून काढायचं कारण म्हणजे आमचं नंदुरबारचं घर. आई-पप्पा कायमचे माझ्याकडे पुण्याला यायचं ठरलं आणि यंदा माळा रिकामा करायची वेळ आली. मिरचीच्या रिकाम्या पोत्यांमागे दोन खोके निघाले. एकूण ११२ डिस्क. आई कमरेवर हात ठेवून उभी. “हाई काय शे इतलं?” वैतागली की ती सरळ अहिराणीवर येते. तिने मला रविवार संध्याकाळपर्यंतची मुदत दिली. मग सगळं भंगारात.

दादा कॅनडात, मिसिसागाला. व्हिडिओ कॉलवर खोका दाखवला तर म्हणाला, “एकही फेकू नकोस. सगळ्या चालवून बघ.” म्हणायला काय जातंय! हल्लीच्या लॅपटॉपला डिस्क घालायला जागा तरी कुठे असते? शेवटी यूएसबीवर चालणारा डीव्हीडी रायटर मागवला, आणि तीन दिवस मी नंदुरबारच्या उन्हात, पंख्याखाली बसून एकेक डिस्क आत घालत होते. घर्रर्र... थांबणं... परत घर्रर्र. फ्रीलान्सर असण्याचे फायदे.

७१ वाचल्या, ४१ गेल्या. जाण्यामागे कारणं आहेत आणि ती इंटरेस्टिंग आहेत. कंपनीतून छापून येते ती सीडी वेगळी आणि आपण घरी राइट करतो ती वेगळी. घरच्या डिस्कमध्ये रंगाचा एक पातळ थर असतो, लेझर त्यावर खुणा करतो. या रंगाला उष्णता आणि ऊन सोसत नाही. आणि आमचा माळा स्लॅबच्या खाली, मे महिन्यात बाहेरच पारा चाळिशीच्या पार! शिवाय आपण सगळे आयुष्यभर सीडीची चमकणारी बाजू जपत आलो, पण सीडीचा डेटा खरं तर लेबलच्या बाजूला असतो, नुसत्या वार्निशच्या थराखाली. ओरखडा वरून पडला की खेळ खलास. डीव्हीडीत हा थर दोन प्लॅस्टिकच्या चकत्यांमध्ये बंदिस्त असतो. म्हणून माझ्या खोक्यात डीव्हीड्या जास्त तगल्या. त्यातल्या बऱ्याच मोझर बेअरच्या. आठवतंय ना नाव? अठ्ठावीस रुपयांत सिनेमाची व्हीसीडी विकणारी आपली देशी कंपनी. २०१८ साली ती दिवाळखोरीत निघाली आणि लिक्विडेशनचा आदेश झाला. तिने केलेली डिस्क अजून धडधाकट!

पण खरा धक्का पुढे होता. डिस्क वाचता येणं वेगळं आणि गेम खेळता येणं वेगळं.

खोक्याच्या तळाशी एक वेगळा गठ्ठा होता. अठरा डीव्हीड्या, नीट नंबर घातलेल्या, वर दादाच्या अक्षरात ‘फायनल बॅकअप’. हा त्याचा पुण्यातल्या नोकरीचा काळ. २०११ पासून तो एका ऑनलाइन दुकानातून रीतसर पैसे मोजून गेम घ्यायचा. दुकानाचं नाव नको. सेल लागला की दोन, पगार झाला की एक, असं करत चाळीसेक गेम झाले. सवयीप्रमाणे सगळे डिस्कवर. त्या अठराच्या अठरा डिस्क वाचल्या! फाइल्स सगळ्या जागेवर. क्लिक केलं. स्क्रीनवर दोन रिकाम्या चौकटी आल्या. युजरनेम आणि पासवर्ड.

पासवर्ड दादाला पाठ आहे. पण नवीन मशीन दिसलं की दुकान ओटीपी पाठवतं, आणि तो जातो त्याच्या पुण्याच्या जुन्या नंबरवर. दादा २०२२ मध्ये कॅनडाला गेला, रिचार्ज थांबला, नंबर दुसऱ्या कोणाला मिळाला. जुना मेल आयडी ज्यांच्याकडे होता ती सेवाच बंद पडली. सपोर्टला लिहिलं तर ते पहिल्या खरेदीच्या कार्डाचे शेवटचे चार आकडे मागतात. २०११ चं कार्ड! दादाने चार महिने मेलामेली केली आणि मग सोडून दिलं. गंमत बघा, देशातलं पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० ला दिलं गेलं ते आमच्या जिल्ह्यात, शहादा तालुक्यातल्या टेंभलीत. आणि त्याच जिल्ह्यातल्या या गृहस्थाला तो तोच आहे हे सिद्ध करता येईना.

म्हणजे डिस्कवर गेमचा सगळा डेटा होता, तो सुरू करायची परवानगी तेवढी नव्हती. ती दुसऱ्याच्या सर्व्हरवर.

हे काही आजचं नाही. स्टीम २००३ साली आलं आणि २००४ मध्ये ‘हाफ-लाइफ २’ आला. तो दुकानातून डिस्क आणून टाकला तरी आधी ऑनलाइन जाऊन स्टीमला विचारावं लागायचं. लोक तेव्हा फार चिडले होते. मग सवय झाली. त्या सवयीचा हिशेब २०२४ ला आला. युबिसॉफ्टने ‘द क्रू’ या २०१४ च्या रेसिंग गेमचे सर्व्हर ३१ मार्चला बंद केले. ज्यांनी पैसे मोजून डिस्क घेतली होती त्यांचीही डिस्क त्या दिवसापासून शोभेची झाली. त्यावरून युरोपात मोहीम उभी राहिली, दहा लाखांहून जास्त सह्या झाल्या. कॅलिफोर्नियाने कायदा केला, की नुसतं लायसन्स देत असाल तर ग्राहकाला तसं स्पष्ट सांगितल्याशिवाय ‘बाय’ म्हणू नका. १ जानेवारी २०२५ पासून तो लागू झाला. जिथे गेम कायमचा उतरवून ऑफलाइन ठेवता येतो, तिथे मात्र ही अट नाही.

आणि आपल्याकडे? आपला १९५७ चा कॉपीराइट कायदा या बाबतीत चक्क समजूतदार आहे. त्याच्या ५२ व्या कलमात म्हटलंय, की प्रोग्रॅमची प्रत कायदेशीरपणे ज्याच्याकडे आहे त्याने ती हरवू नये, खराब होऊ नये एवढ्यापुरती बॅकअप प्रत केली तर तो भंग नाही. विकायला नाही, वाटायला नाही, स्वतःपुरती. म्हणजे दादाच्या डीव्हीड्या कायद्याला मंजूर. दुकानाच्या लॉगिनला कायदा काय करणार?

रविवारी दुपारी, आई दारात येऊन दोनदा घड्याळ बघून गेल्यावर, एक एकटी डीव्हीडी हाताला लागली. ‘हंबल, मे २०१०’. दादाला विचारलं तर हसायलाच लागला. पहिला ‘हंबल इंडी बंडल’. पाच-सहा छोटे गेम एकत्र, किंमत तुम्ही ठरवा, आणि कुलूप कशालाच नाही. कॉलेजचं शेवटचं वर्ष, इंटरनॅशनल कार्ड कोणाकडे? रूममेटच्या मामाचं कार्ड मागून याने पाच डॉलर भरले. तेव्हाचे सव्वादोनशे रुपये! दादाने आयुष्यात पैसे देऊन डाउनलोड केलेली ही पहिली गोष्ट.

त्यात ‘वर्ल्ड ऑफ गू’ होता. २००८ चा गेम, काइल गेब्लर आणि रॉन कार्मेल या दोघांच्या टूडी बॉय कंपनीचा. काळे चिकट गोळे एकमेकांना जोडत पूल बांधायचा, मनोरा उभा करायचा, तो डुलतो, कोसळतो, परत बांधायचा. इन्स्टॉलवर क्लिक केलं. कुठलीच चौकट नाही. ओटीपी नाही. सरळ सुरू! सोळा वर्षं माळ्यावर भाजून निघालेली डिस्क, आणि माझ्या मागच्या वर्षीच्या लॅपटॉपवर ते गोळे डोळे मिचकावत होते. मी तास-दीड तास खेळले. पॅकिंग पप्पांनी केलं.

मग काय करायचं ते आपोआप ठरलं. ज्या गेमना कोणाला विचारावं लागत नाही, ते आधी हार्ड डिस्कवर घेतले, मग दोन नव्या डीव्हीड्यांवर, कमी स्पीडला, शेवटी ‘व्हेरिफाय’ करून. एक संच पुण्याला, एक दादाला. मी स्वतः हल्ली जीओजीसारख्या ठिकाणाहून घेते, जिथे ऑफलाइन इन्स्टॉलर मिळतो, आणि तो त्याच दिवशी उतरवून ठेवते. नवे मोठे गेम डिस्कवर ठेवायचा हट्ट मात्र सोडा. ‘बाल्डर्स गेट ३’ला १५० जीबी जागा लागते. डीव्हीडीत मोजलं तर बत्तीस! त्यांना हार्ड डिस्कच, आणि तीही एक नाही, दोन. सोनीनेही रेकॉर्डेबल ब्लू-रे बनवणं फेब्रुवारी २०२५ मध्ये थांबवलं.

अठरा डीव्हीड्यांचा गठ्ठा मी दादाला विचारून बाजूला ठेवला. “असू दे,” म्हणाला. “कधी नंबर परत मिळाला तर.” तो मिळणार नाही हे आम्हा दोघांनाही माहीत आहे. पंधरा हजार तरी गेले असतील त्यात.

पुतण्याच्या लॅपटॉपलाही डिस्क चालत नाही, त्यामुळे त्याला ‘गू’ मी पाठवलाच नाही, दादानेच पार्सल आल्यावर ऑफिसच्या जुन्या ड्राइव्हवरून उतरवून दिला. आठ वर्षांचा आहे. त्या रात्री त्याचा कॉल आला.

“आत्या, याचा पासवर्ड काय आहे?”

“नाहीये.”

“मग अकाउंट कोणाचं आहे?”

“कोणाचंच नाही. तुझ्या बाबाने २०१० मध्ये घेतलाय.”

त्याला वाटलं मी मस्करी करतेय. मग मागून दादाचा आवाज आला, की आधी तो डावीकडचा गोळा उचल, नाहीतर मनोरा पडेल. आणि पुढचा अर्धा तास माझ्याकडे कोणाचं लक्षच नव्हतं.

गेलेल्या ४१ डिस्क आणि पन्नास रुपयेवाला सगळा माल मामांना दिला. म्हणाले, पाखरं अजून येतात, बरं झालं.