तीन वाटांची वीज

घरात राहणाऱ्या माणसाला विजेचा विचार करावा लागत नाही. बटन दाबले की दिवा लागतो, पंखा फिरू लागतो. ही वीज कोठून आली, किती आली आणि किती उरली, हे प्रश्न सहसा त्याच्या मनात येत नाहीत. मलाही ते फारसे पडत नसत. परंतु 2018 साली आम्हां मित्रमंडळींनी एक जुनी बस विकत घेऊन तिचा फिरता दवाखाना करण्याचे ठरवले, आणि तिच्यात वीज खेळवण्याच्या कामी एका वृद्ध वायरमनकाकांच्या हाताखाली राहण्याची संधी मला मिळाली. त्या महिन्याभरात विजेकडे पाहण्याची माझी दृष्टीच पालटली.

बस सातपुड्यातील पाड्यांवर जाणार होती. ती जेथे उभी राहील, तेथे विजेचा खांब असेलच असा भरवसा नव्हता. दिव्यापंख्यांवाचून एक वेळ निभावले असते. परंतु बसमध्ये एक लहान शीतपेटी होती. तिच्यात धनुर्वाताची लस आणि मधुमेहाच्या रुग्णांसाठी इन्सुलिन ठेवायचे होते. ही औषधे 2 ते 8 अंश सेल्सिअस तापमानात जपावी लागतात. रात्री शीतपेटी बंद पडली, तर सकाळी दूरवरून चालत आलेल्या रुग्णाला द्यायचे काय?

म्हणून काकांनी विजेच्या तीन वाटा योजल्या. पहिली वाट सूर्याची. बसच्या टपावर प्रत्येकी 250 वॅटची चार सौर पॅनेल बसली. दुसरी वाट साठवणीची. मागच्या बाकांच्या जागी 12 व्होल्टच्या चार बॅटऱ्या आल्या. त्या दोन-दोन जोडून 24 व्होल्ट मिळवले. भरताना अशा बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो, म्हणून त्यांच्या पेटीला बाहेर उघडणारे झरोके ठेवले. बॅटरीतील वीज एकाच दिशेने वाहते. तिचे घरच्यासारख्या 230 व्होल्टच्या उलटसुलट वाहणाऱ्या विजेत रूपांतर करण्याचे काम इन्व्हर्टरकडे आले. तिसरी वाट जनरेटरची. तो मात्र नेहमी बसबाहेर, खिडक्यांपासून दूर चालवायचा. कारण त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वासही नसतो, आणि तो झोपेतच माणसाचा प्राण घेऊ शकतो.

काम करताना मला मोठी मौज वाटे. चुंबकाच्या साहाय्याने तारेत वीज निर्माण करता येते, हे फॅरडेने 1831 साली दाखवले. प्रकाशापासून वीज मिळू शकते, हे 1839 साली बेकरेलला आढळले. पुन्हा पुन्हा भरता येणारी शिशाची बॅटरी प्लांतेने 1859 साली तयार केली. तिघांची विद्या आमच्या एका जुन्या बसमध्ये एकत्र नांदत होती!

बॅटरीपासून इन्व्हर्टरपर्यंतची तार करंगळीएवढी जाड का, असे मी एकदा विचारले. काका म्हणाले, “हिशेब कर. 1200 वॅटच्या कामाला 230 व्होल्टवर पाच-सव्वापाच अँपिअर प्रवाह लागतो. तेच काम 24 व्होल्टवर केलेस, तर 50 अँपिअर. एवढा प्रवाह बारीक तारेतून नेलास, तर तार तापेल आणि बस पेटेल.” म्हणूनच त्यांनी ती तार आखूड ठेवली आणि बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज बसवला.

सारे काम झाले. राहिला तो चेंजओव्हर स्विच. त्याच्या दांड्याला तीन जागा असतात: एका बाजूस इन्व्हर्टर, दुसऱ्या बाजूस जनरेटर आणि मध्ये ‘बंद’. एका वेळी एकच वाट खुली राहते. तो स्विच शहरातून यायला उशीर झाला. दुसऱ्या दिवशी निघायचे ठरले होते. कोणी सुचवले, “काका, तूर्त जनरेटरची तार सरळ बसच्या सॉकेटमध्ये खोचू. इन्व्हर्टर आधी बंद करायचा, एवढे लक्षात ठेवले की झाले.”

काकांनी पक्कड खाली ठेवली. “एखाद्या दिवशी लक्षात राहिले नाही, तर दोन्हींकडची वीज एकाच तारेत समोरासमोर येईल आणि इन्व्हर्टर जळेल. शिवाय त्या तारेचा प्लग चुकून निसटला, तर त्याच्या उघड्या पितळी काड्यांत वीज असेल. हात लावणारा वाचेल कशावरून? अंधारात, पावसात, घाईत माणूस विसरतो. त्याच्या आठवणीवर दुसऱ्याचा जीव टांगू नये.”

बस दोन दिवस उशिरा निघाली.

त्याच वर्षी आषाढात पाड्यावर तीन दिवस सूर्यदर्शन झाले नाही. पॅनेलांची वीज रोडावली. डॉक्टरीणबाईंनी पंखे बंद करवले. शीतपेटी तेवढी चालू ठेवली. तिसऱ्या रात्री बॅटऱ्या निम्म्यावर आल्या. तेव्हा बसच्या तरुण चालकाने कंदिलाच्या उजेडात, आडोशाला ठेवलेला जनरेटर सुरू केला आणि दांडा ओढला. ‘बंद’वरून गेल्याखेरीज तो जनरेटरकडे जाऊच शकत नव्हता. शीतपेटी पुन्हा घरघरू लागली, बॅटऱ्याही भरू लागल्या. सकाळी पेटीतला तापमापक 5 अंश दाखवत होता, आणि दारापुढे रुग्णांची रांग लागली होती.

त्या चालकाने काकांना कधी पाहिलेही नव्हते. रांगेतल्या माणसांना तर त्यांचे नावही ठाऊक नव्हते. तरी त्या रात्री त्यांनीच या सर्वांना सांभाळले होते. आपण केलेले काम आपल्या पश्चात कोणाच्या हाती पडेल, हे आपल्याला ठाऊक नसते. तो कोणीही असो, त्याला अपाय होणार नाही असे ते करून ठेवावे, हा त्या वृद्ध कारागिराचा धर्म होता.