क्लीनर टाकून द्या

सांगलीत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. छापखाने, शाळा, दवाखाने, वकिलांची ऑफिसं अशा ठिकाणची मशीन मी वर्षाच्या करारावर सांभाळतो. दुकानात येणाऱ्यांचं म्हणणं बहुतेक वेळा एकच असतं. 'पीसी लई स्लो झालाय, हँग होतोय. फॉरमॅट मारा, नाहीतर एखादा चांगला क्लीनर तरी टाकून द्या.' फॉरमॅटची कधीकधी खरंच गरज असते. मशीन साफ करून वेग वाढवण्याचा दावा करणारा क्लीनर मात्र मी कुणाच्या मशीनवर टाकत नाही, आणि आधीच असेल तर मालकाला विचारून काढून टाकतो. हा हट्ट का, ते काउंटरवर उभ्या उभ्या सांगताना अर्धवट राहतं, म्हणून लिहितो आहे.

दिवाळी अंकांचा हंगाम होता. एका छापखान्यातून डीटीपी करणाऱ्या ताईंचा फोन आला. 'दादा, लवकर या. सगळी पानं बिघडलीत, मराठी कुठंच दिसत नाही.' जाऊन पाहिलं तर पडद्यावर मराठीच्या जागी डोक्यावर टिंबं आणि तुरे असलेली परकी रोमन अक्षरं. आपल्याकडच्या बऱ्याच छापखान्यांत अजून युनिकोडच्या आधीचे फॉन्ट चालतात. या फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या जागांवर मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असतात. कुठे काना, कुठे वेलांटी, कुठे अर्धा स. फॉन्ट जागेवर असेल तोवर मजकूर मराठी, फॉन्ट गेला की त्याच मजकुराला काही अर्थ उरत नाही.

फॉन्ट गेले कसे, ते शोधायला वेळ लागला नाही. मालकांचा भाचा त्या सकाळी लवकर आला होता. अंकाचं काम वेगाने व्हावं म्हणून त्याने एक फुकटचा क्लीनर उतरवून चालवला. हेतू चांगलाच होता. क्लीनरने लाल पट्टीत हजारावर चुका दाखवल्या आणि खाली 'सगळं दुरुस्त करा' असं मोठं बटण दिलं. पोरगं घाबरलं आणि त्याने ते दाबलं.

त्या छापखान्यात तिन्ही मशीनवर फॉन्ट अगदी सारखे राहावेत म्हणून ते सर्व्हरच्या फोल्डरमध्ये ठेवले होते आणि प्रत्येक मशीनवर त्यांचे फक्त शॉर्टकट होते. सकाळी सर्व्हर अजून चालू केलेला नव्हता. क्लीनरने विंडोजच्या नोंदवहीत फॉन्टची नोंद पाहिली, नोंदीत लिहिलेल्या जागी फॉन्ट शोधला, मिळाला नाही, आणि ती नोंद चुकीची ठरवून पुसून टाकली. प्रोग्रॅमच्या हिशोबाने त्याने काहीच वावगं केलं नव्हतं. थोड्या वेळाने कुणीतरी येऊन सर्व्हरचं बटण दाबणार आहे, हे त्याला कळायला मार्ग नव्हता. माणसाला विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं. पण 'सगळं दुरुस्त करा' या बटणात विचारण्याची सोयच नसते.

पुसण्याआधी जुन्या नोंदी जपून ठेवू का, असं त्या क्लीनरने विचारलं होतं. भाच्याने 'नाही' म्हटलं होतं. माझ्या करारातल्या सगळ्या मशीनवर मी सिस्टम रिस्टोअर चालू ठेवतो. त्यातून मशीन दोन दिवसांपूर्वीच्या स्थितीला नेलं, सर्व्हर चालू केला आणि फॉन्ट परत आले. तरी एक लेख हातचा गेलाच. फाईल उघडताना प्रोग्रॅमने 'फॉन्ट मिळत नाही, दुसरा लावू का' असं विचारलं होतं. ताईंनी गडबडीत होकार दिला आणि फाईल सेव्ह झाली. त्या लेखाची मांडणी ताईंनी रात्री बसून पुन्हा केली. मालक अण्णा एवढंच म्हणाले, 'सावकाश का होईना, मशीन चालत होतं की.'

या क्लीनरचं नाव मी इथे देत नाही, कारण प्रश्न एका प्रोग्रॅमचा नाही. रजिस्ट्री साफ केली की मशीन जलद होतं, ही समजूतच चुकीची आहे. रजिस्ट्री म्हणजे विंडोजची नोंदवही. १९९२च्या विंडोज ३.१मध्ये ती छोट्या रूपात आली आणि विंडोज ९५पासून जवळजवळ सगळा कारभार तिच्यावर चालू लागला. कुठला प्रोग्रॅम कुठे आहे, कुठली फाईल कशाने उघडायची, प्रिंटर कुठला, हे सगळं तिच्यात असतं. प्रोग्रॅम काढून टाकला तरी त्याच्या काही नोंदी मागे राहतात, हे खरं आहे. पण विंडोज दरवेळी पहिल्यापासून शेवटपर्यंत नोंदी वाचत बसत नाही. हवी ती नोंद तिच्या पत्त्यावर जाऊन उचलतं. शब्दकोशातले आपल्याला न लागणारे शंभर शब्द फाडून काढले म्हणून हवा तो शब्द लवकर सापडत नाही, तसंच हे आहे. हजार नोंदी पुसून वाचणारी जागा एका मोबाइल फोटोपेक्षाही कमी भरते. एवढ्यासाठी चुकीची एक नोंद जाण्याचा धोका घ्यावा, असं मला एकाही मशीनवर वाटलेलं नाही. मायक्रोसॉफ्टने एकेकाळी रेगक्लीन नावाचं स्वतःचं साधन काढलं होतं, पुढे ते मागे घेतलं. आज कंपनीची लेखी भूमिका अशी आहे की रजिस्ट्री साफ करणाऱ्या साधनांना तिचा पाठिंबा नाही, आणि त्यातून झालेला बिघाड काढायला विंडोज नव्याने टाकावं लागू शकतं.

मग मशीन मंद का होतं? माझ्याकडे येणाऱ्या मशीनपुरतं उत्तर बहुधा हार्ड डिस्कमध्ये असतं. जुनी डिस्क मिनिटाला ७२०० वेळा फिरते, लॅपटॉपमधली तर ५४०० वेळा. विखुरलेल्या छोट्या छोट्या फायली वाचायच्या असतील तर तिची सुई सेकंदाला जेमतेम शंभरेक जागी जाऊ शकते. त्याच कामात एसएसडी सेकंदाला हजारो ठिकाणांहून वाचते. विंडोज १० आणि ११ सुरू होताना अशा फायली अखंड वाचत असतात, म्हणून टास्क मॅनेजर उघडला की डिस्कच्या रकान्यात १०० टक्के दिसतात आणि मशीन ढिम्म बसतं. दुसरं कारण रॅम. ४ जीबी रॅमवर क्रोमच्या दहा-बारा खिडक्या आणि एक एक्सेल शीट उघडली की मशीन रॅमऐवजी डिस्कवर लिहू-वाचू लागतं. तिसरं कारण धूळ. आमच्या भागात उसाच्या हंगामात कारखान्याची काजळी उडते. ती पंख्यात बसते, प्रोसेसर तापतो आणि जळू नये म्हणून आपला वेग आपणच कमी करतो. यातलं एकही कारण कुठल्याच क्लीनरच्या आवाक्यातलं नाही.

उलट क्लीनर स्वतःच त्या गर्दीत भर घालतो. एका शाळेच्या मुख्याध्यापक बाईंच्या मशीनवर मी दोन क्लीनर, दोन अँटिव्हायरस आणि एक 'बूस्टर' पाहिला होता. मशीन चालू झालं की पाचही जण एकदम जागे होऊन डिस्क तपासायला लागायचे. बाई चहा पिऊन यायच्या तोवर पडदा तयार होत नसे. चार प्रोग्रॅम काढले, एक अँटिव्हायरस ठेवला. बाकी कशालाही हात लावला नाही. तेवढ्यानेच बाईंचं समाधान झालं. एका क्लीनरची वर्गणी दरवर्षी त्यांच्या कार्डातून आपोआप कापली जात होती, ती त्यांनी बँकेत सांगून बंद करवली.

क्लीनरला आपण केवढा अधिकार देतो, याचा विचार फार थोडे जण करतात. तो मशीनवरची कुठलीही फाईल वाचू शकतो आणि पुसू शकतो. २०१७ साली सीसीक्लीनरच्या बाबतीत जे घडलं ते मी अजून प्रत्येकाला सांगतो. जगातला सगळ्यात गाजलेला क्लीनर, करणारी कंपनी लंडनची पिरिफॉर्म, त्याच जुलैत अवास्ट या अँटिव्हायरस कंपनीने विकत घेतलेली. १५ ऑगस्टला आलेल्या ५.३३ या आवृत्तीत हल्लेखोरांनी आपला कोड घुसवला होता. फाईलवर कंपनीची अस्सल डिजिटल सही होती, म्हणून कुठल्या मशीनला संशय आला नाही. सिस्कोच्या टॅलोस या सुरक्षा गटाला ते सापडलं आणि १८ सप्टेंबरला जाहीर झालं, तोवर २२ लाख ७० हजार मशीनवर ती आवृत्ती पोचली होती. मशीनचं नाव, त्यावरच्या प्रोग्रॅमची यादी असा तपशील बाहेर जात होता. हल्लेखोरांचा खरा डोळा मोठ्या तंत्रज्ञान कंपन्यांवर होता, म्हणून पुढचा हल्ला मोजक्या मशीनवरच झाला. बिघडलेला भाग ३२ बिटच्या आवृत्तीत होता, आणि आमच्याकडे तेव्हा २ जीबी रॅमची ३२ बिटची जुनी मशीन भरपूर होती. बातमी वाचल्यावर मी माझ्या ग्राहकांची मशीन एकेक करून तपासली. काहींवर ती आवृत्ती निघाली. त्यांचं नुकसान झालं नाही. पण साध्या दवाखान्याच्या मशीनवर, पेशंटच्या नोंदींशेजारी, परक्याचा कोड महिनाभर बसला होता, आणि तो आला होता मशीन साफ ठेवणाऱ्या प्रोग्रॅमच्या पोटातून.

यापेक्षा मला जास्त बोचतं ते भीती दाखवून विकणं, कारण त्यात माझ्या धंद्यातले लोक सामील असतात. अमेरिकेत ऑफिस डेपोच्या दुकानांत पीसी हेल्थ चेक नावाची मोफत तपासणी चालायची. सुरुवातीला ग्राहकाला चार प्रश्न विचारायचे. मशीन मंद आहे का, वारंवार बंद पडतं का, अशा तऱ्हेचे. एकावर जरी होकाराची खूण केली तरी तपासणीच्या शेवटी व्हायरसची लक्षणं सापडल्याचं दिसायचं आणि दुरुस्ती विकली जायची. २०१९ साली तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनकडे या प्रकरणात ऑफिस डेपो आणि तपासणीचा प्रोग्रॅम पुरवणारी सपोर्ट डॉट कॉम यांनी मिळून ३.५ कोटी डॉलर भरायचं मान्य केलं. २०२४ मध्ये रेस्टोरो आणि रीइमेज या सायप्रसच्या कंपन्यांनी अशाच खोट्या धोक्यांच्या प्रकरणात २.६ कोटी डॉलर भरायचं कबूल केलं. मायक्रोसॉफ्टनेही मार्च २०१८ पासून, घाबरवून पैसे मागणाऱ्या अशा प्रोग्रॅमना नको असलेलं सॉफ्टवेअर ठरवून विंडोजमधल्याच डिफेंडर या अँटिव्हायरसकरवी काढायला सुरुवात केली. मशीन मंद आहे म्हणूनच माणूस दुकानात येतो. त्याच्या त्याच उत्तरावर त्याला आजारी ठरवायचं, हे मला चोरीइतकंच वाईट वाटतं.

आमच्या धंद्यात एक जुना रिवाजही आहे. मशीन आलं की विंडोजच्या रन या खिडकीतून आधी टेम्प, मग पर्सेंट टेम्प, मग प्रीफेच, अशी तिन्ही फोल्डरं रिकामी करायची. नवीन पोरांना पहिल्या दिवशी हेच शिकवतात. टेम्पमधल्या फायली उघडे प्रोग्रॅम बंद करून काढल्या तर बिघडत काही नाही. प्रीफेच मात्र काढू नये. कुठल्या प्रोग्रॅमला सुरू होताना कोणत्या फायली लागतात याची टिपणं विंडोज एक्सपीपासून तिथे ठेवली जातात. ती पुसली की पुढच्या काही वेळा प्रोग्रॅम आणखी सावकाश उघडतात. क्लीनरमध्येही हा पर्याय असतो आणि लोक उत्साहाने त्यावर खूण करतात. तसाच दुसरा पर्याय ब्राउझरमधले पासवर्ड पुसण्याचा. एक निवृत्त गुरुजी पेन्शनच्या खात्यात शिरता येत नाही म्हणून मशीन घेऊन आले होते. पासवर्ड ब्राउझरमध्ये होता, कागदावर कुठेच नव्हता, आणि क्लीनरने तो नेला होता.

जागा मोकळी करण्याचं काम हे क्लीनर करतात, एवढं मी मान्य करतो. १२८ जीबीची सी ड्राइव्ह काठोकाठ भरली की मशीन खरंच अडखळतं. पण त्यासाठी विंडोज ९८पासून डिस्क क्लीनअप आणि विंडोज १०पासून स्टोरेज सेन्स मशीनमध्येच आहे. मोठ्या अपडेटनंतर उरलेलं विंडोज डॉट ओल्ड हे फोल्डर कित्येक जीबी खातं, तेही दहा दिवसांनी विंडोज आपणहून काढतं. या साधनांतसुद्धा खुणा बघून करा. २०१८च्या एका अपडेटमध्ये डिस्क क्लीनअपच्या यादीत 'डाउनलोड्स' फोल्डर आलं होतं. आपल्याकडे कितीतरी शिक्षकांचं सगळं कार्यालय त्या एका फोल्डरमध्ये असतं. पगारपत्रकं, निकाल, परिपत्रकं, सगळं तिथेच.

तुमच्या मशीनवर क्लीनर, बूस्टर किंवा ऑप्टिमायझर असेल तर आज तो अनइन्स्टॉल करा, आणि त्याची वर्गणी कार्डावर चालू नाही ना हेही बँकेच्या पासबुकात पाहा. मशीन मंद असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा. डिस्क सतत १०० टक्के दिसत असेल तर एसएसडी बसवा. रॅम भरलेली असेल तर ती वाढवा. स्टार्टअपच्या यादीत न लागणारं जे असेल ते बंद करा. आणि यातलं काहीही करण्याआधी तुमच्या कामाच्या फायलींची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर काढून ठेवा.