शनिवारी आम्ही कुठे असतो

ऑकलंडमधल्या मराठी मंडळींचे बहुतेक कार्यक्रम शनिवारी असतात. हळदीकुंकू शनिवारी, नाटकाचा प्रयोग शनिवारी, कोणाच्या घरची पूजा असली तर तीही शनिवारी. मला जमत नाही म्हटलं तर कोणी वाईट वाटून घेत नाही. ॲडव्हेंटिस्ट ख्रिस्ती माणसं शनिवार पाळतात हे आता इथे सगळ्यांना ठाऊक आहे. पण परवा एका स्नेह्यांनी फोनवर विचारलं, "ताई, तुमचा तर तो विश्रांतीचा दिवस ना? मग दिवसभर घरी का नसता? आणि संध्याकाळी तुमचा आवाज इतका दमलेला का असतो?" त्यांनी प्रेमानंच विचारलं होतं, तरी मनाला लागलं. उत्तर चार वाक्यांत देण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहायला बसले.

आमचा शब्बाथ शुक्रवारी सूर्य मावळला की सुरू होतो आणि शनिवारी मावळला की संपतो. इथे जूनमध्ये सव्वापाचच्या आत सूर्य बुडतो, ख्रिसमसच्या सुमारास साडेआठनंतर. त्यामुळे थंडीच्या दिवसांत शुक्रवारी दुपारपासूनच स्वयंपाकाची घाई असते. शनिवारी चुलीपुढे उभं राहायला नको म्हणून पुलाव, उसळ, चटणी सगळं आदल्या दिवशी करून ठेवायचं. सकाळी शब्बाथशाळा, मग उपासना, मग सहभोजन. आमच्या मंडळीत सामोआ, टोंगा, फिजी, फिलिपिन्स आणि भारत इथली कुटुंबं आहेत. अळूची पानं नारळाच्या दुधात शिजवलेली पालुसामी आणि माझी मटकीची उसळ एकाच पानात येतात. आणि जेवणं उरकली की कामाला सुरुवात होते.

दक्षिण ऑकलंडमधल्या एका सभागृहात टेबलं मांडून आम्ही रक्तदाब आणि साखर तपासतो. मांगेरे, ओटारा, पापाटोएटोए या भागांत पॅसिफिक बेटांवरची आणि भारतातली माणसं खूप, आणि या दोन्ही समाजांत मधुमेहही खूप. काहीजण आयुष्यात पहिल्यांदाच बोट टोचून घेतात. आकडा मोठा आला की बाजूला बसवून समजावायचं, डॉक्टरांकडे पाठवायचं, पुढच्या वेळी गेलात का म्हणून विचारायचं. दुसरा गट वृद्धाश्रमात जातो, तिथे गाणी आणि गप्पा. तिसरा गट गाड्या चालवतो, आणि माझ्या मते हेच काम सर्वांत मोलाचं. दिवसभर मुलं कामावर, स्वतःला गाडी येत नाही, बसचा मार्ग कळत नाही, अशी आजी-आजोबा मंडळी आठवडाभर चार भिंतींत असतात. त्यांना आणायचं, पत्रं आणि अर्ज वाचून दाखवायचे, परत सोडायचं.

याला विश्रांती कसं म्हणायचं? बायबलमधल्या दहा आज्ञांपैकी चौथ्या आज्ञेत ज्यांना विसावा मिळाला पाहिजे त्यांची यादी आहे. मुलगा, मुलगी, दास, दासी, गुरंढोरं, आणि वेशीच्या आत राहणारा परका. त्या यादीतली गुरं वाचली की मला पोळा आठवतो. नगर जिल्ह्यातलं माझं आजोळ ख्रिस्ती, घरात बैलांची पूजा नव्हती. पण बैल होते, आणि शेजारच्या बैलांइतकाच त्यांचाही त्या दिवशी मान होता. आदल्या संध्याकाळी आजोबा त्यांचे खांदे हळद-तुपानं चोळायचे. सकाळी नदीवर नेऊन अंग घासायचं, शिंगं रंगवायची, नवी वेसण, नवा कासरा, पाठीवर झूल. त्या दिवशी जू कोणी उचलायचं नाही, चाबूक खुंटीवर. बैल ठाणावर उभे राहून निवांत रवंथ करायचे आणि माणसांना मात्र क्षणाची उसंत नसायची. आजी पहाटेपासून पुरण वाटत असे, मामा पाणी वाहत, आम्ही मुलं घुंगरमाळा ओवत असू. रात्री सगळे थकलेले असायचे, पण आज फार काम पडलं अशी तक्रार कोणी केलेली मला आठवत नाही. कारण ते काम पोटासाठी नव्हतं. वर्षभर ज्यांच्या खांद्यावर घर चाललं त्यांच्यासाठी होतं. लूकच्या शुभवर्तमानात येशूनं शब्बाथच्या दिवशी पाठीत वाकलेल्या एका स्त्रीला बरं केलं आणि सभास्थानाचा अधिकारी चिडला, तेव्हा त्यानंही बैलाचाच दाखला दिला: शब्बाथला बैल सोडून पाण्यावर नेताच ना? तो दाखला आमच्या आजोळी कोणाला फोड करून सांगावा लागला नाही.

आपण इथे सहा दिवस कोणाचं ना कोणाचं जू ओढतो. सातव्या दिवशी पगाराचं काम, खरेदी, हिशेब बंद. त्यामुळे हात मोकळे होतात, आणि मोकळे हात दुसऱ्याचं जू थोडा वेळ उतरवायला लावता येतात. अंग दमतं हे खरं आहे. पण रविवारी सकाळी मी जशी उठते तशी आठवड्यात इतर कुठल्याच दिवशी उठत नाही.

आमच्या मंडळीतच यावर दोन मतं आहेत, तेही सांगायला हवं. काहींना वाटतं की तपासणीच्या टेबलावर धर्माच्या पुस्तिकाही ठेवाव्यात, कारण त्याशिवाय ही मिशन सेवा कसली? त्यांची तळमळ मला समजते. १८९० साली 'पिटकेर्न' नावाचं आमचं मिशनचं जहाज कॅलिफोर्नियाहून पॅसिफिक बेटांकडे निघालं, ते शब्बाथशाळांनी जमवलेल्या पैशांतून बांधलेलं होतं. त्या प्रवासातून सुरू झालेलं काम नसतं तर आज माझ्या शेजारच्या बाकावर टोंगाची माणसं बसली नसती. तरीही, ज्याच्या बोटातून आत्ताच रक्त काढलं आणि जो आकडा ऐकून घाबरला आहे, त्याच्या हातात पुस्तिका देणं मला पटत नाही. तो मोकळेपणानं नको म्हणू शकत नाही. त्यानं स्वतः विचारलं तर मी तासभर बोलेन.

टोंगाचा विषय निघाला म्हणून एक गोष्ट सांगते. आमच्या गाडीतून येणाऱ्या एक टोंगन आजी इथे शनिवार पाळतात आणि गावी गेल्या की रविवार. धर्म तोच, मंडळी तीच. टोंगा १८० अंश रेखांशाच्या पूर्वेला आहे, पण तिथला वार मात्र न्यूझीलंडचा. तिथे गेलेल्या आमच्या मिशनऱ्यांनी वार १८० अंशांच्या रेषेप्रमाणे धरला, म्हणून टोंगाचा रविवार हाच तिथल्या ॲडव्हेंटिस्टांचा शब्बाथ झाला. सामोआत याहून कठीण प्रसंग आला. १८९२ साली अमेरिकेशी व्यापार सोयीचा व्हावा म्हणून त्या देशानं ४ जुलै हा दिवस दोनदा धरला होता. २०११ साली ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडशी व्यापारासाठी उलट फिरून ३० डिसेंबरचा शुक्रवारच वगळला. गुरुवारी झोपलेली माणसं शनिवारी उठली. मग शब्बाथ कोणता? बहुतेक ॲडव्हेंटिस्टांनी सात दिवसांची मोजणी तुटू दिली नाही आणि ते रविवार पाळू लागले. काहींनी कॅलेंडरावरचा शनिवारच धरला. यावरून कुटुंबांत दुरावे आले. दोन्ही बाजूंची माणसं प्रामाणिक आहेत. पण सरकारनं एक तारीख गाळली म्हणून सातवा दिवस सहाव्यावर येत नाही, असं मला ठामपणे वाटतं.

नव्यानं इथे येणाऱ्यांसाठी एक कामाची गोष्ट. सण, उपवास, नमाज किंवा शब्बाथ, जे काही पाळत असाल ते नोकरीच्या करारावर सही करण्याआधी लेखी कळवा. न्यूझीलंडच्या १९९३ च्या मानवी हक्क कायद्याप्रमाणे, कामात अवाजवी अडचण येत नसेल तर मालकानं कर्मचाऱ्याच्या धर्माचरणाला जागा द्यायची असते. सही झाल्यावर तोंडी विनवण्या केल्या की माणूस अवघडतो आणि पाळीही बदलून मिळत नाही. मी रविवार आणि सणाच्या सुट्ट्यांच्या पाळ्या स्वतःहून मागून घेते, म्हणून शनिवारसाठी मला कोणाचं मिंधं व्हावं लागत नाही.

आता त्या स्नेह्यांना आणि तुम्हा सगळ्यांना विनंती. आमच्याकडे तपासायला हात पुरेसे आहेत, गाड्या कमी पडतात. पापाटोएटोएच्या आसपास राहत असाल, वाहन परवाना असेल आणि शनिवारी दुपारचे दोन तास निघत असतील, तर मला सांगा. कोणता वार पाळता हे कोणी विचारणार नाही. मराठी बोलणारे दोन आजोबा यादीत आहेत, आणि त्यांना घरी सोडायला अजून कोणी मिळालेलं नाही.