ऑइल जातं कुठे?
डिपस्टिकवर ऑइल पुन्हा खालच्या खुणेला टेकलंय. गाडीखाली डाग नाही, म्हणजे ते जळतंय. मिस्त्री म्हणतात, इंजिनकाम काढू. मला ही घाई पटत नाही. आधी धूर बघावा. रात्रभर उभ्या गाडीने सकाळी निळा धूर सोडला आणि थोड्या वेळात थांबला, तर संशय व्हॉल्व्ह सीलवर. चढावर जोर देताना सुटत राहिला, तर पिस्टन रिंगांवर. कॉम्प्रेशन कमी भरलं, तर सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजायचं; वाढलं तर रिंगाच झिजल्यात. आमच्या गाडीचं कॉम्प्रेशन उत्तम, धूर फक्त सकाळचा. सिलिंडरमध्ये हवा भरून, हेड न उतरवताही सील बदलता येतात. तसंच करायचं. पीसीव्ही व्हॉल्व्हही तपासून घेईन. हे इंजिन मला टिकवायचंय.