'पुढे'चं बटण

आमच्या बँकेत कारकुनांचं शिक्षण आता संगणकावर होतं. धडा उघडायचा, 'पुढे' हे बटण दाबत राहायचं, शेवटी प्रमाणपत्र. आग विझवण्याचा धडा मी डबा खाता खाता उरकला. नव्वद गुण! आग विझवायचं नळकांडं भिंतीवर कुठं आहे, हे मात्र शिपायालाच विचारावं लागलं असतं.

एवढ्या अधिकारावर मी २०२० साली सातवीतल्या लेकीचा मास्तर झालो. शाळा बंद. आमच्या सडक अर्जुनीच्या घरात रेंज मिळे ती गच्चीच्या कोपऱ्यात, तीही पावसाच्या मर्जीनं. तेव्हा म्हटलं, शेकडेवारी आपणच शिकवू, बी. कॉम. झालोय ते कशासाठी? चाळीस मिनिटं बोललो. पोरगी म्हणाली, "बाबा, तुमचं 'पुढे'चं बटण कुठंय?"

२० जुलैला सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' सुरू झाली. त्यातली मुलं हाताची घडी घालून ऐकत नसत. घरात सापडेल ते घेऊन काहीतरी करून बघत. झालं! लेकीनं आजोबांकडून धानाचे शंभर दाणे मोजून घेतले आणि ओल्या गोणपाटात गुंडाळले. बियाणं असंच पारखतात, हे आमच्याकडे शेतकऱ्याच्या घरात कुणालाही ठाऊक. मलाच सुचलं नव्हतं. आठव्या दिवशी तिनं मोड मोजले. त्र्याऐंशी.

"म्हणजे त्र्याऐंशी टक्के," ती म्हणाली. मग थांबून, "बाबा, तुमच्या त्या नव्वदातले किती उगवले हो?"

दुसऱ्या दिवशी बँकेत गेल्या गेल्या नळकांडं शोधलं. माझ्याच खुर्चीमागे होतं. पावसाळाभर मी त्यालाच छत्री अडकवत होतो.