आत्याच्या ओव्या आणि माझी घाई

अकोले तालुक्यातल्या राजूरला मी आत्याच्या जात्यावरच्या ओव्या टिपायला गेलो होतो. दोन दिवसांत १४ व्हिडिओ झाले, साधारण सव्वा जीबी. मोबाइल भरला, म्हणून लॅपटॉपवरून सगळे पेनड्राइव्हवर हलवले. कॉपी नाही, कट-पेस्ट. ही पहिली चूक.

प्रगतीची पट्टी पूर्ण झाली आणि आत्या दारातून म्हणाली, "एसटी चुकंल रं, निघ आता." पेनड्राइव्ह अनमाउंट करायला गेलो तर लॅपटॉपवरचं उबुंटू लिनक्स सांगे, तो वापरात आहे. कारण साधं होतं: माझीच टर्मिनलची खिडकी पेनड्राइव्हवरच्या फोल्डरमध्ये उघडी होती. ती बंद करायला एक क्षण लागला असता. मी मात्र अनमाउंटच्या आज्ञेला 'हायफन एल' जोडला. आज्ञा मुकाट्याने पार पडली, मी पेनड्राइव्ह उपसला.

त्या 'एल'चा अर्थ मला नंतर नीट कळला. लेझी अनमाउंट ड्राइव्ह लगेच नजरेआड करतं, पण लिहिणं संपेपर्यंत थांबत नाही. लिनक्स डेटा आधी रॅममध्ये घेतं आणि ड्राइव्हवर मागाहून उतरवतं. नेहमीच्या मांडणीत एखादा तुकडा ३० सेकंदही तसाच पडून राहू शकतो. माझा पेनड्राइव्ह स्वस्तातला, संथ. सव्वा जीबी उतरायला त्याला दोन-तीन मिनिटं हवी होती. पट्टी भरली ती रॅमपुरती. मोबाइलवरून व्हिडिओ पुसले गेले होते, बरेचसे पेनड्राइव्हवर पोचले नव्हते. त्या घडीला त्यांतला आत्याचा आवाज फक्त लॅपटॉपच्या रॅममध्ये होता, आणि मी तो तिथेच तोडला.

संगमनेरला येऊन पाहिलं, तर ५ व्हिडिओ धड. काहींची नुसती नावं, आकार शून्य. रिकव्हरीचे प्रोग्रॅम रात्रभर चालवले. जे लिहिलंच गेलं नव्हतं, ते कुठून सापडणार?

आता मी कॉपीच करतो. 'सिंक' देतो, ती आज्ञा पूर्ण होईपर्यंत हात लावत नाही. ड्राइव्ह वापरात आहे असं आलं, तर 'एलएसओएफ'ने कोण धरून बसलंय ते बघतो. मग अनमाउंट, मग ड्राइव्ह पॉवर-ऑफ. ड्राइव्ह दुसऱ्या यंत्रावर उघडून एकदोन फायली ऐकतो आणि मगच मोबाइल रिकामा करतो.

दिवाळीनंतर पुन्हा राजूरला गेलो. काय झालं ते आत्याला खरं सांगितलं. तिचा खांदा धरला होता, दळण बंद होतं. "जातं फिरल्याबिगर तोंडात येत न्हाई रं," ती म्हणाली. मग मी जातं ओढलं, तिने खुंट्यावर नुसता हात ठेवला. चार ओव्या आल्या. माझ्या वडिलांवरची, भावाला माहेरची वाट विचारणारी, तिला आठवली नाही.