बिनमाशांची टाकी

मासे पाळणं हा स्वस्त, शांत आणि निरुपद्रवी छंद आहे, असं मला सांगणारा गृहस्थ स्वतः मासे विकत होता, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

दोन फुटी काचेची टाकी, रंगीत खडे, बुडबुडे सोडणारा फिल्टर आणि तीन गोल्डफिश असा सरंजाम घेऊन मी रिक्षातून उतरलो, तेव्हा आमची आठ वर्षांची कन्या ओवाळायचं तबक घेऊन दारात उभी होती. आठवड्याभरात त्या तिघांनाही आम्ही जास्वंदीच्या कुंडीत मूठमाती दिली. वास्तविक स्वच्छतेत मी कसूर केली नव्हती. पाणी जरा गढुळलं की टाकी उपसायची, खडे आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली खसाखसा चोळायचा, की पुन्हा नवं पाणी! कन्या रडली नाही. एवढंच म्हणाली, "बाबा, आपण त्यांना काय केलं?"

उत्तर शोधायला पुस्तकं उघडली आणि आरोपी घरातच सापडला. मासा जेवतो पाण्यात आणि पुढचे विधीही पाण्यातच उरकतो. त्यातून अमोनिया होतो, तो माशाला विष. एका जातीचे जंतू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषच! मग दुसऱ्या जातीचे जंतू त्याचं नायट्रेट करतात, ते माशाला बऱ्यापैकी सोसतं. थोडक्यात, सरकारी कचेरी. पहिल्या टेबलावरून कागद हलल्याशिवाय दुसऱ्या टेबलाला काम नाही. ही टेबलं वेगवेगळी आहेत हे विनोग्राड्स्की नावाच्या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास दाखवून दिलं. आमच्या घरी बातमी पोचायला अंमळ उशीर झाला. हे जंतू खड्यांवर आणि स्पंजावर बिऱ्हाड करतात. आणि मी नळाच्या क्लोरीनवाल्या पाण्याने त्यांचंच सामान रस्त्यावर फेकत होतो! ते क्लोरीन माशांनाही मानवत नाही, हे वेगळंच.

तेव्हा ठरलं, आधी जंतू, मग मासे. टाकी भरली, क्लोरीन मारायचं औषध टाकलं, फिल्टर लावला आणि रोज चिमूटभर माशांचं खाणं रिकाम्या पाण्यात टाकू लागलो. खाणं कुजावं, अमोनिया व्हावा, जंतूंची पंगत उठावी.

शेजारचे काका डोकावले. "मासे कुठायत?"

"यायचेत अजून."

"मग जेवतंय कोण?"

"जंतू."

काका चहा न घेताच गेले.

रोज रात्री कन्या नळीत पाणी घेऊन, औषधाचे थेंब टाकून रंग बघायची. अमोनियाची पिवळी नळी हिरवी झाली. ती उतरते न उतरते तोच नायट्राइटची निळी नळी जांभळी झाली आणि जांभळीच राहिली. दिवसामागून दिवस गेले. शेवटी सौभाग्यवतींनी स्वयंपाकघरातून निकाल दिला, "विरजण न लावता दही व्हायची वाट बघताय. लागणार उशीर!"

एकही पुस्तक न वाचता! दुसऱ्या दिवशी मित्राच्या जुन्या, नांदत्या टाकीतला मळकट स्पंजाचा तुकडा त्याच टाकीच्या पाण्यात बुडवून आणला. गंगाजलाचा गडूसुद्धा मी इतक्या जपून आणला नसता.

सदतिसाव्या दिवशी अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेटची नळी तेवढी केशरी. अर्धं पाणी बदललं आणि दुकान गाठलं. दुकानदार म्हणाला, "साहेब, डझनभर गप्पी घेऊन जा." मी पाकिटाला हात घातला, तोच कन्या म्हणाली, "चारच द्या. आमच्या जंतूंना एकदम इतकं काम झेपणार नाही."

आता दर रविवारी चौथा हिस्सा पाणी काढतो. स्पंज त्याच पाण्यात हलकेच पिळतो आणि ते पाणी जास्वंदीला घालतो. नायट्रेट हे झाडांचं खत. परवा जास्वंदीला टपोरं फूल आलं. कन्येने ते देवाला न वाहता टाकीशेजारी नेऊन ठेवलं.

"हे कशाला गं?"

"नव्यांना. पहिल्या तिघांकडून."

मी काही बोललो नाही. स्पंज मात्र पुन्हा नळाखाली धरलेला नाही.